ओ-यू-जी-एचची यादी आधी फाडा, मग शिकवा

प्रश्न इंदूरच्याच एका आजोबांचा आहे. नात सहावीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, फाटकाबाहेर पाय टाकला की हिंदी. शाळेतून एक यादी आली आहे. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं सलग येतात असे वीसेक शब्द, पुढच्या आठवड्यात डिक्टेशन. नात वाचताना दिसेल त्याला 'ऑफ' लावते आणि लिहिताना 'थ्रू'च्या शेवटी टी जोडून ठेवते. काका विचारतात, 'याला काही नियम आहे की नुसती घोकंपट्टी? आणि मी मराठी माध्यमातून शिकलेला. तिचं डिक्टेशन मी घ्यावं की शिकवणी लावावी?'

काका, मी इथल्याच शाळांत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवत आले, आता रामबागेत घरी मुलं येतात. ही यादी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या कॉपीत चिकटवलेली असतेच. (इंदुरात वहीला कॉपीच म्हणायचं, पुणेकरांनी क्षमा करावी.) तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: डिक्टेशन तुम्हीच घ्या. मराठी माध्यमाचा इथे अडथळा नाही, उलट फायदा आहे. कसा ते पुढे सांगते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'अर्धा नियम आहे' असं. पण त्याआधी खरी अडचण कुठे आहे ते बघू. या शब्दांना एकत्र आणलं ते डोळ्यांनी. दिसायला सारखे, म्हणून एका यादीत. कानाला त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मुलाच्या हातात अशी यादी दिली की ते साहजिकच पहिल्या शब्दाचा उच्चार पुढच्या एकोणीस शब्दांना लावत सुटतं. तुमच्या नातीच्या यादीत सगळ्यात वर 'कॉफ' म्हणजे खोकला असणार, मी पैज लावते. म्हणून तर सगळीकडे 'ऑफ'.

आता परिस्थितीचा भाग. नात वाचताना अडते की लिहिताना, हे आधी नीट बघा, कारण औषध वेगळं आहे. गोष्टीच्या पुस्तकात 'दो' ('जरी' या अर्थाचा) आणि 'थ्रू' ती वाक्यात बरोबर वाचत असेल आणि फक्त सुट्या यादीत गडबडत असेल, तर तिला वाचनाची अडचण नाहीच, यादीचीच आहे. उलट उच्चार सगळे बरोबर आणि कॉपीत मात्र लाल खुणा असतील, तर काम ऐकून लिहिण्याचं आहे. घरात इंग्रजी कानावर पडतं का, यावरही बरंच अवलंबून असतं. ज्या घरात मुलं मोबाइलवर तासन्‌तास इंग्रजी व्हिडिओ बघतात तिथे उच्चार आधीच तयार असतात, स्पेलिंगच्या नावाने ठणठणाट. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडे दोन्ही थोडं थोडं आहे, असं धरून पुढे लिहिते.

मुलं विचारतात, 'ही चार अक्षरं तिथे आलीच कशाला?' हा प्रश्न टाळू नका. कारण कळलं की मुलांचा इंग्रजीवरचा राग निम्मा होतो. जुन्या इंग्रजीत या जागी खरोखरच एक आवाज होता, घशातून घासून येणारा. इंदुरात तो समजावणं सोपं आहे: मुशायऱ्यात 'ख़त' म्हणताना जो नुक्त्याचा ख़ काढतात, जवळपास तोच. स्कॉटलंडमध्ये तळ्याला 'लॉख़' म्हणतात त्यात तो अजून जिवंत आहे आणि जर्मन 'नाख़्ट' म्हणजे रात्र, यातही. आपल्या 'नाइट'मधले जी-एच म्हणजे त्याच आवाजाची जागा. आधी तो नुसत्या एच अक्षराने लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोक इंग्लंडात आले, त्यानंतरच्या काळात लेखनिकांच्या सवयी बदलत गेल्या आणि एचचं जी-एच झालं. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तो 1476 मध्ये. छापखान्यांमुळे स्पेलिंग हळूहळू गोठलं, पण उच्चार चालतच राहिले. पुढच्या दोनेकशे वर्षांत तो ख़ इंग्लंडच्या दक्षिणेत गेलाच. काही शब्दांत काही मागे न ठेवता गेला, काही शब्दांत जाता जाता त्याचा 'फ' झाला. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळं झालं आणि लंडनच्या बोलीने थोडं इकडचं, थोडं तिकडचं उचललं. त्याच सुमारास इंग्रजीचे दीर्घ स्वरही आपापल्या जागा सोडत होते. एकाच स्पेलिंगचे इतके उच्चार झाले ते असे.

सहावीतल्या मुलीला हे सगळं सांगायची गरज नाही. तिला फक्त 'डॉटर' आणि 'दुहिता' शेजारी लिहून दाखवा. दोन्ही एकाच जुन्या मुळाचे. संस्कृतात तिथे 'ह' आहे, इंग्रजीत जी-एच. आपण 'ह' म्हणतो, त्यांनी म्हणायचं सोडलं. माझ्याकडे एका मुलीने हे ऐकून 'मग जी-एचला घ का म्हणायचं नाही?' असं विचारलं होतं. प्रश्न चोख होता. आपण रोमन लिपीत 'घर' लिहिताना जी-एच वापरतो म्हणून आपल्या मुलांना 'घोस्ट' म्हणावंसं वाटतं. इंग्रजांच्या तोंडी घ नाहीच.

आणि तुम्ही तर इंदूरचे. नातीला विचारा, एम-एच-ओ-डब्ल्यू काय वाचशील? ती डोळे न मिचकावता 'महू' म्हणेल. बाहेरचा माणूस तिथे 'म्होव' करतो. गावाचं सरकारी नाव 2003 पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, पण जुन्या पाट्यांवर, पत्त्यांवर हे स्पेलिंग तिने इतक्यांदा पाहिलंय की अक्षरं सुटी वाचायची तिला गरजच पडत नाही. म्हणजे विचित्र स्पेलिंग अख्खं ओळखायची ताकद तिच्यात आहेच.

आता त्या अर्ध्या नियमाकडे येते. यादीतून आधी ज्यांच्या शेवटी टी आहे ते शब्द वेगळे काढा. ओ-यू-जी-एच-टी असं असेल तर उच्चार 'ऑट'. बॉट, ब्रॉट, थॉट, फॉट, सॉट, 'पाहिजे' या अर्थाचा ऑट, शून्य या अर्थाचा नॉट, आणि रॉट आयर्नच्या फाटकातला रॉट, जो मुळात 'वर्क'चा जुना भूतकाळ आहे. सगळे एका सुरात. अपवाद शाळेच्या पातळीवर एकच, 'ड्राउट' म्हणजे दुष्काळ. तो 'ड्राय' या शब्दाच्या कुळातला, त्याचा स्वर पहिल्यापासून वेगळा होता. म्हणजे यादीतला एक तृतीयांश भाग एका नियमात निघाला. आणि हे बहुतेक शब्द क्रियापदांचे भूतकाळ आहेत, त्यामुळे ते सुटे पाठ करूच नका. बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, फाइट-फॉट, सीक-सॉट, असं जोडीने, पाढे म्हणतो तसं म्हणून घ्या. बॉट आणि ब्रॉट यांत मोठी माणसंही चुकतात, ऑफिसच्या ईमेलमध्येसुद्धा. त्याला उपाय सोपा: 'ब्रिंग'मध्ये आर आहे म्हणून 'ब्रॉट'मध्ये आर. 'बाय'मध्ये नाही म्हणून 'बॉट'मध्ये नाही.

मग नात विचारेल की 'कॉट' आणि 'टॉट' यांत ओ-यूऐवजी ए-यू का? तिला सांगा, 'कॅच' आणि 'टीच' यांच्या स्पेलिंगमध्ये ए आहे, तो भूतकाळातही राहिला. बाय, ब्रिंग, थिंक, फाइट, सीक यांत ए नाही, तर भूतकाळातही ए नाही. ही युक्ती व्याकरणाच्या पुस्तकात बहुधा मिळणार नाही, पण वर्गात ती कधी फसलेली नाही. 'डॉटर', 'नॉटी' हे मात्र ए-यूवाले म्हणून लक्षात ठेवावे लागतात. आणि याच ए-यू-जी-एचमध्ये इंग्रजीने एक मजा करून ठेवली आहे: 'लाफ्टर' म्हणजे हसू, त्याच्या अलीकडे एक एस लिहिला की होतो 'स्लॉटर', म्हणजे कत्तल. अक्षर वाढलं एक आणि 'फ' गायब. मुलांना हे फार आवडतं, जरूर सांगा.

टी नसलेले शब्द उरले. यांना नियम नाही, हे मान्य करून टाकू. पण त्यातले 'फ'वाले तिच्या तोंडात आधीपासून आहेत. तिच्या दप्तरात एक रफ कॉपी असेल, तिच्या कव्हरवर तिनेच स्वतःच्या हाताने हा शब्द लिहिलेला असेल. 'रफ-टफ' आपण मराठीतही म्हणतो. त्याला 'इनफ' जोडला की 'अफ'चा गट संपला. 'ऑफ'चे दोनच: कॉफ, आणि ट्रॉफ म्हणजे गुराढोरांच्या दाण्यापाण्याचं लांबट कुंड. 'ओ'चे तीन: दो, ऑल्दो, आणि पिझ्झाचा डो. 'आउ'चे दोन, प्लाउ म्हणजे नांगर आणि बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी; मघाचा ड्राउट यांच्याच सुरातला. थ्रू आणि थ्रूआउट एकत्र. थरो म्हणजे सखोल आणि बरो म्हणजे शहराचा विभाग, हे एकत्र.

इथवरचं थोडक्यात: टीवाले सगळे 'ऑट', ड्राउट सोडून. उरलेले दोन-दोन, तीन-तीनचे गट, आणि त्यातले निम्मे ती रोज बोलते.

आता लिहिणं. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे, आणि इथेच तुमचं मराठी माध्यम कामाला येतं. या शब्दांतली ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं कधी बदलत नाहीत. बदलतात ती शेजारची, आणि शेजारची अक्षरं कानाला स्वच्छ ऐकू येतात. सगळ्यात जास्त गोंधळ चार शब्दांचा होतो: दो, थॉट, थ्रू, थरो. हे चार शब्द नातीला देवनागरीत लिहायला सांगा. मग प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा. ट ऐकू येतो का? फक्त 'थॉट'मध्ये, म्हणून शेवटी टी फक्त तिथे. र ऐकू येतो का? 'थ्रू' आणि 'थरो'मध्ये, म्हणून आर फक्त त्या दोघांत. आता थ्रू आणि थरो यांत फरक काय? देवनागरीत बघा: 'थ्रू'मध्ये थ आणि र यांचं जोडाक्षर आहे, मध्ये स्वर नाही. इंग्रजीतही टी-एचला आर चिकटून येतो. 'थरो'मध्ये थ सुटा, र सुटा, मध्ये अ आहे. इंग्रजीतही टी-एच आणि आर यांच्या मध्ये एक ओ येतो. जोडाक्षर असेल तर मध्ये काही नाही, नसेल तर ओ. ज्या मुलांना इंग्रजी फक्त इंग्रजीतून शिकवलं जातं त्यांना ही खूण दाखवता येत नाही. तुम्हाला येते.

इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने देवनागरी लिहू नये, असा बऱ्याच शिक्षकांचा आग्रह असतो. मला तो सरसकट पटत नाही. 'कॅट', 'बस' यांवर देवनागरी लिहिणं आळस आहे, मान्य. पण ज्या शब्दांत अक्षरं आवाजाबद्दल काहीच सांगत नाहीत, तिथे आवाज टिपून ठेवायला आपल्याकडे इतकी नेमकी लिपी असताना ती का वापरू नये? पेन्सिलीने लिहा, जमलं की खोडा.

डिक्टेशन कसं घ्यायचं तेही सांगते. सुटा शब्द कधी देऊ नका. 'थॉट' असं नुसतं ओरडलात तर मूल अंदाज बांधतं. 'आय थॉट यू वेअर ॲट होम' असं अख्खं वाक्य म्हणा, तिला फक्त तो शब्द लिहू द्या. अर्थ कळला की थिंक आठवतो, थिंक आठवला की टी येतो. तिने 'थ्रू'ला टी लावला तर लगेच खोडून बरोबर लिहून देऊ नका. तिनेच लिहिलेला शब्द तिला मोठ्याने वाचायला लावा, टीसकट. ती 'थ्रूट' म्हणेल, हसेल आणि स्वतःच टी खोडेल. तिच्या बोटांना 'थॉट'ची सवय लागलेली असते, त्यातून ती चूक येते. अज्ञान नाही ते. जी-एच-टी यांचा क्रम उलटसुलट होत असेल तर तेवढाच तुकडा चार-पाच वेळा सलग लिहून घ्या. पण अख्खा शब्द वीस वेळा लिहायला लावू नका. सातव्या ओळीनंतर हातच लिहितो, डोकं केव्हाच खेळायला गेलेलं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शीर्षकात म्हटलंय ते: शाळेची यादी आहे तशी वापरू नका. कात्रीने कापा. पहिल्या दिवशी फक्त ऑटवाले. मग एक दिवस मध्ये सोडून 'फ'वाले आणि 'आउ'वाले. दो, थ्रू, थरो हे तिघं पहिल्यांदा एका दिवशी आणूच नका. एक पक्का बसला की मगच दुसरा. दोन सारखे दिसणारे नवे शब्द एकाच वेळी शिकवले की मुलाला दोन्ही येत नाहीत, ते दोघांची अदलाबदल करायला शिकतं. सगळे शब्द एकत्र करून डिक्टेशन घ्यायचं ते शाळेतल्या डिक्टेशनच्या आदल्या दिवशी, त्याआधी नाही. तोवर यादीतला कुठला शब्द राहिला तर राहू दे. 'बाउ' आणि 'ट्रॉफ' सहावीत न आल्याने कुणाचं अडलेलं मी पाहिलेलं नाही. 'थ्रू' आणि 'इनफ' मात्र आलेच पाहिजेत.

नात कदाचित असंही म्हणेल की अमुक बर्गरच्या दुकानावर 'ड्राइव्ह थ्रू' टी-एच-आर-यू असं सुटसुटीत लिहिलेलं असतं, मग आपण का नाही? तिचं निरीक्षण बरोबर आहे. अमेरिकेत हे प्रयत्न पूर्वीच झाले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1906 मध्ये सरकारी छपाईसाठी 300 शब्दांची सोपी स्पेलिंग लागू करायला सांगितली होती, त्यात 'दो', 'थ्रू' आणि 'थरो' तिन्ही होते. वर्तमानपत्रांनी टर उडवली, तिथल्या संसदेने विरोध केला आणि वर्ष संपायच्या आत आदेश मागे घ्यावा लागला. अमेरिकेत टिकलं ते थोडंच: नांगराचं स्पेलिंग तिथे पी-एल-ओ-डब्ल्यू आहे. आपल्या शाळा ब्रिटिश वळणाच्या, म्हणून कॉपीत ओ-यू-जी-एचवालाच प्लाउ लिहू द्या, आणि 'थ्रू' पाटीवर कसाही असो, पेपरात पूर्णच. उच्चाराचा मात्र हट्ट धरू नका. 'थरो' हा अमेरिकी उच्चार, ब्रिटिश माणूस शेवटचा ओ जवळजवळ गिळून 'थरा' म्हणतो. व्हिडिओवर ती जे ऐकेल ते चालेल.

तुमच्या स्वतःच्या उच्चाराची धास्ती वाटत असेल तर मोबाइलवरच्या शब्दकोशात शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून दोघं मिळून ऐका. आपण मराठी माणसं 'दो'ला 'थो' म्हणतो, तेवढं जपा. त्यात द आहे, थ नाही. 'कॉफ'मधला ऑ आखूड आणि 'थॉट'मधला लांब, हा फरक आपल्या लिपीत दिसत नाही, तोही तिथेच ऐकून घ्या. बाकी तुमचं चांगलं असणार. पूर्वीच्या मराठी शाळांत इंग्रजी उशिरा सुरू व्हायचं, पण व्याकरण असं घोटून घेत की या वयातही लोकांना बाय-बॉट झोपेत येतं.

शेवटी, तुम्ही जाता जाता लिहिलंय की शाळेत पुढे स्पेलिंगची स्पर्धाही आहे. त्याची तयारी आत्ता नको, ही यादी पचल्यावर करा. तिथे विचारतात ते शब्द वेगळेच असतात. 'स्लाउ' म्हणजे दलदल आणि 'स्लफ' म्हणजे सापाची कात किंवा ती टाकणं, या दोघांचं स्पेलिंग एकच, एस-एल-ओ-यू-जी-एच, तेव्हा परीक्षकाला अर्थ विचारायचा. 'चफ' हा कावळ्याच्या जातीतला लाल पायांचा पक्षी. इंग्लंडात लफबरा नावाचं गाव आहे, त्याच्या स्पेलिंगमध्ये ओ-यू-जी-एच दोनदा येतं आणि दोन्ही वेळा उच्चार वेगळा. आणि उचकीला 'हिकप' म्हणतात, त्याचं एक स्पेलिंग शेवटी 'कॉफ'सारखं आहे. उचकीचा खोकल्याशी संबंध असणार असं समजून कुणीतरी ते तसं लिहिलं आणि ते चिकटलं, उच्चार मात्र 'हिकप'च राहिला. शब्दकोशात दोन्ही स्पेलिंगं सापडतात. स्पर्धेत विचारलं तर नातीला सी-यू-पीवालं सोपं सांगायला सांगा.